रुमाल टाकून धरलेला खेळाडू

अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगमध्ये संघाने सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून किती खर्च करायचा, याला मर्यादा आहे. तिला म्हणतात सॅलरी कॅप. 1984-85 मध्ये ती आली तेव्हा आकडा होता 36 लाख डॉलर. 2025-26 साठी तो 15 कोटी 46 लाख आहे! पण खरी गंमत आकड्यात नाही. लीगमधले बहुतेक संघ दरवर्षी ही मर्यादा ओलांडतात, आणि तेही राजरोस, नियमात बसून.

हे जमतं कसं? मर्यादा मुख्यतः आडवी येते ती बाहेरचा खेळाडू आणताना. तीन हंगाम आपल्याकडे खेळलेल्याला मात्र मर्यादेच्या वर जाऊनही ठेवून घेता येतं. या सवलतीला बॉस्टनच्या लॅरी बर्डचं नाव चिकटलंय. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत संघ बांधताना कोणाला घ्यायचं याच्याइतकंच महत्त्व आहे कोणाला *आधी* घ्यायचं याला. चलाख व्यवस्थापक काय करेल? मोकळी रक्कम बाहेरच्यांवर उधळेल आणि घरच्यांचे भरघोस करार शेवटी करेल.

नियम करणारेही काही भोळे नव्हते. करार संपलेल्या आपल्या खेळाडूवरचा हक्क सोडत नाही तोवर त्याच्या नावाने एक रक्कम हिशेबात अडकून राहते. ही कॅप होल्ड. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, अगदी तसं. फक्त इथे रुमालाचा आकार ठरतो जुन्या पगारावरून. आणि जुना पगार चिमुकला असेल तर?

2015 च्या उन्हाळ्यात सॅन अँटोनियो स्पर्सने नेमका याचाच फायदा घेतला. त्यांचा कवाय लेनर्ड 2014 च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, पण नवखेपणीच्या करारामुळे पगार जेमतेम 30 लाखांच्या घरात. त्याचा रुमाल होता 70-75 लाखांचा, आणि नव्या करारात पहिल्याच वर्षी मिळणार होते 1 कोटी 64 लाख. मधली 90 लाखांची फट! म्हणूनच स्पर्सने आदल्या शरद ऋतूत त्याचा करार वाढवला नाही. उन्हाळ्यात टियागो स्प्लिटरला अटलांटाला धाडलं, झालेल्या जागेत पोर्टलंडचा लमार्कस ऑल्ड्रिज आणला आणि मग लेनर्डला पाच वर्षांचे 9 कोटींहून जास्त दिले. पुढच्या हंगामात स्पर्सने 67 सामने जिंकले, त्यांच्या इतिहासात सर्वाधिक.

लेनर्डच्या हिमतीचं मला जास्त कौतुक वाटतं. 2014-15 चा अख्खा हंगाम तो पुढच्या कराराविना खेळला. ‘नंतर देऊ’ असं गुपचूप लिहून तरी घ्यायचं? तीच तर चोरी! मिनेसोटाने जो स्मिथ या खेळाडूशी असाच छुपा करार केला होता: आत्ता स्वस्तात खेळ, बर्डची सवलत लागू झाली की घबाड. 2000 साली बिंग फुटलं. 35 लाखांचा दंड झाला आणि ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीतल्या पाच निवडी गेल्या. त्यातल्या दोन पुढे परत मिळाल्या.

आता वरच्या मजल्यावरही पहारा बसलाय. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2023 च्या करारात ‘सेकंड ॲप्रन’ नावाची आणखी एक रेषा आली. 2025-26 साठी ती आहे 20 कोटी 78 लाखांवर. ती ओलांडली की नुसता जादा खर्चावरचा कर भरून सुटका नाही, हातच बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार जोडून त्या बदल्यात एक महागडा तारा आणता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची ड्राफ्टमधली निवडसुद्धा गोठते. म्हणून तर 2024 च्या विजेत्या बॉस्टनने पुढच्याच उन्हाळ्यात आपला संघ स्वतःच्या हातांनी उसवला: पोर्झिंगिस अटलांटाला, जरू हॉलिडे पोर्टलंडला.

त्याच उन्हाळ्यात मिलवॉकीने तर कमाल केली. डेमियन लिलार्डचे दोन वर्षांचे सुमारे 11 कोटी 30 लाख देणं बाकी होतं. त्यांनी त्याला मोकळं केलं आणि ती रक्कम नियमाप्रमाणे पाच वर्षांवर पसरली (उरलेल्या वर्षांची दुप्पट, अधिक एक). एका हंगामाचा बोजा सव्वादोन कोटींवर आला आणि सुटलेल्या जागेत माइल्स टर्नर बसला. लिलार्ड गेला पोर्टलंडला, त्याच्या जुन्या संघात. 2023 मध्ये मिलवॉकीने त्याला तिथूनच आणलं होतं आणि बदल्यात दिला होता जरू हॉलिडे, ज्याला पोर्टलंडने काही दिवसांतच बॉस्टनला पाठवलं. एकमेकांच्या बदल्यात गेलेले हे दोघे आता एकाच संघात आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाचे पैसे मिलवॉकी 2030 पर्यंत मोजणार आहे.