लिंबाच्या पानावरची ती पाखराची विष्ठा नाही!

लिंबाच्या पानावर पाखराची विष्ठा दिसली तर पुसायची घाई नको. ती नीलवंतची, म्हणजे ब्लू मॉरमॉनची अळी असू शकते. लहानपणी हे सोंग, मोठेपणी हिरवा रंग आणि खोटे डोळे. डिवचलंत तर डोक्यामागून दुर्गंधी शिंगं बाहेर काढते. लिंबू, माकडलिंबू ही तिची जेवणाची झाडं.

फुलपाखरू १२ ते १५ सेंटीमीटर पंखांचं, काळं, मागच्या पंखांवर फिकट निळाई. बसणं फारसं माहीतच नाही. जास्वंदीवर मध पितानाही पंख फडफडतातच! नर ओल्या मातीतले क्षार शोषताना मात्र निवांत सापडतात. फोटो तेव्हाच काढा. भारत, श्रीलंका एवढाच याचा मुलूख. २०१५पासून हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू.