बदलते आयात शुल्क आणि जालन्याचा ऑनलाइन विक्रेता

परदेशातून येणाऱ्या मालावर सरकार जो कर घेते त्याला आयात शुल्क म्हणतात, आणि जालना जिल्ह्याला त्याचे चटके नवे नाहीत. केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के शुल्क माफ केले व ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, तेव्हा येथील कापूस उत्पादकाला ऐन वेचणीच्या हंगामात परदेशी गाठींशी स्पर्धा करावी लागली; भंगार वितळवून सळई तयार करणारे जालन्याचे कारखानेही परदेशी भंगारावरील शुल्काकडे डोळे लावून असतात. आता या वर्गात मोबाइलवरून ऑर्डर घेणारा लहान विक्रेताही आला आहे, आणि त्याच्या हाताशी ना कारखानदारांची संघटना असते, ना सल्लागार.

अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचे पार्सल शुल्काविना आत जात असे, त्यामुळे साडी, दागिने किंवा फराळ पाठवणाऱ्याला शुल्काचा विचार करण्याची वेळच येत नसे. भारतीय मालावरील अतिरिक्त शुल्क २७ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे गणेश चतुर्थीच्याच दिवशी, ५० टक्क्यांवर गेले आणि २९ ऑगस्टला ८०० डॉलरची सवलतही संपली. शुल्क कोणी गोळा करायचे व कसे भरायचे हेच स्पष्ट नसल्याने विमान कंपन्या टपालाची पार्सले घेईनात, म्हणून भारतीय टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून ती स्वीकारणे थांबवावे लागले. सेवा १५ ऑक्टोबरला पूर्ववत झाली तेव्हा लक्ष्मीपूजन आठवड्यावर येऊन ठेपले होते, आणि टपालावर विसंबलेल्या फराळ विक्रेत्यांच्या हातून हंगाम जवळजवळ निसटला होता.

सेवा पुन्हा सुरू होताना ठरलेली पद्धत समजून घेण्याजोगी आहे. टपालाच्या पार्सलवर एफओबी मूल्याच्या, म्हणजे माल देशाबाहेर निघेपर्यंतच्या किमतीच्या, सरसकट ५० टक्के शुल्क पाठवणाऱ्याकडून आधीच घेतले जाऊ लागले. कुरिअरने जाणाऱ्या मालावर मात्र त्या वस्तूचे मूळ शुल्क वेगळे पडे. म्हणजे ८,००० रुपयांच्या साडीवर टपालाने ४,००० रुपये शुल्क, आणि कुरिअरने त्याहून अधिक. असे दर पुन्हा केव्हाही बदलू शकतात, म्हणून प्रत्येक पाठवणीपूर्वी दोन्ही मार्गांचा हिशेब नव्याने करणे आवश्यक ठरते. शुल्कासह संपूर्ण किंमत ग्राहकाला ऑर्डर देतानाच दाखवणे हाच यातला सर्वांत हिताचा मार्ग आहे, कारण दाराशी अनपेक्षित पैसे मागितले गेले की ग्राहक पार्सल नाकारतो आणि परतीचा खर्च विक्रेत्याच्या माथी येतो. कागदावर किंमत कमी दाखवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्यात माल जप्त होतो, दंड बसतो, आणि सचोटीने व्यापार करणाऱ्यांची पार्सलेही संशयाने उघडली जातात.

आयात करून देशात विकणाऱ्याचे गणित निराळे आहे. मालाची किंमत, विमा आणि वाहतूक मिळून १,००० रुपये झाले व मूळ सीमाशुल्क २० टक्के असेल, तर २०० रुपये शुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभाराचे २० रुपये आणि १,२२० रुपयांच्या बेरजेवर १८ टक्के एकात्मिक जीएसटीचे सुमारे २२० रुपये असे एकूण १,४४० रुपये लागतात. जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला यातील जीएसटीची वजावट मिळते, सीमाशुल्काची मिळत नाही. म्हणून शुल्क बदलले की खरा फरक त्या २२० रुपयांच्या शुल्क-अधिभारात पडतो. कोणत्या वस्तूला कोणता दर हे तिच्या एचएस संकेतांकावरून, म्हणजे जगभर मान्य असलेल्या वर्गीकरणाच्या क्रमांकावरून ठरते, आणि तो क्रमांक पुरवठादाराच्या बिलावरून डोळे झाकून उतरवून घेणे धोक्याचे असते.

नवख्या आयातदाराची सर्वाधिक फसगत तारखेबाबत होते. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १५ नुसार देशात वापरासाठी थेट सोडवलेल्या मालाला ऑर्डरच्या दिवशीचा दर लागत नाही. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे विवरणपत्र, सादर केल्याच्या किंवा जहाजाला प्रवेश मिळाल्याच्या दिवसांपैकी जो नंतरचा, त्या दिवशीचा दर लागतो. समुद्रातून येणाऱ्या मालाला दोन-चार आठवडे लागत असल्याने दर मध्येच वाढला तर तोटा ठरलेलाच. म्हणून पुरवठादाराशी करार करतानाच ही वाढ कोणी सोसायची हे लिहून घेणे आणि एक मोठी खेप मागवण्याऐवजी लहान खेपा मागवणे श्रेयस्कर. बंधित गोदामात, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या नियंत्रणाखालील गोदामात, माल ठेवल्यास शुल्क तो बाहेर काढतानाच्या दराने भरावे लागते, त्यामुळे दर उतरण्याची वाट पाहता येते. परंतु भाडे चालूच राहते आणि ९० दिवसांनंतर शुल्कावर व्याजही चढते, म्हणून विजेच्या माळा किंवा पिचकाऱ्या यांसारखा सणापुरता विकला जाणारा माल तेथे अडकवून ठेवणे बहुधा परवडत नाही.