पाल्याला वकील करायचे तर कागदांची नोंद आधी



लागणीची नोंद उशिरा दिली की तोडीचा क्रम मागे पडतो, हे आपणास सांगावयास नको. वकिलीच्या प्रवेशाचेही तसेच आहे. गटात फिरताना हल्ली बियाण्याच्या चौकशीबरोबर "साहेब, पोराला मुंबईत लॉ कॉलेजला घालायचंय, काय करावं?" अशी विचारणा होते. म्हणून ही माहिती देत आहे.

वाटा दोन आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा कोणतीही पदवी घेऊन तीन वर्षांचा. बी.एस्सी. ॲग्री झालेल्यांनाही दुसरी वाट खुली आहे. खुल्या प्रवर्गास किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गास ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुण लागतात. त्याशिवाय राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते. पेपर इंग्रजी व मराठीत असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. अर्ज मात्र गळीत हंगाम ऐन भरात असताना निघतात. आपण तोडीच्या मागे धावत असतो आणि तारीख निघून जाते. घरातल्या एकाने तरी तिकडे लक्ष ठेवावे.

मुंबईत चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये त्याचे प्राचार्य झाले. त्यांनीच स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय फोर्टमध्ये १९५६ पासून आहे. माटुंग्याला न्यू लॉ कॉलेज आहे. पसंतीक्रम भरताना नुसते नाव पाहू नये, राहण्याची सोयही पाहावी. गिरगावात राहिल्यास चर्नी रोडहून चर्चगेट दुसरे स्टेशन. लालबाग-परळला नातेवाईक असतील तर करी रोड, चिंचपोकळीहून लोकल सीएसएमटीला जाते आणि तिथून फोर्ट चालत गाठता येते. दादरहून माटुंगा जवळ. गिरणीच्या काळात गावच्या माणसाला गावकीच्या खोलीत पथारी मिळत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि चाळींच्या जागी टॉवर आले. त्या भरवशावर पोराला धाडू नका. खोलीचे व जेवणाचे आधी विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला हे कागद पाल्य अकरावीत असतानाच काढावयास घ्यावेत. वैधतेला महिनोन् महिने लागतात. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, ती तपासावी. कागद अपुरा असेल तर गुण असूनही राखीव जागा हातची जाते व नाव खुल्या यादीत पडते.

प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच घ्यावा. "मॅनेजमेंटमधून जागा देतो, पैसे आणा" म्हणणारे भेटतात. उसाचे बिल त्यांच्या हाती देऊ नका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण केंद्रीभूत फेरीतून प्रवेश असेल तरच. मॅनेजमेंटची जागा घेतली की ही सवलत गेली. तेव्हा पोरीच्या शिक्षणाला पैसा नाही, ही सबब आता पुष्कळ घरांत उरलेली नाही.

पदवीनंतर सनद घ्यावी लागते. तिचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपयांहून अधिक घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला आहे. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सातारा, सांगली, सोलापूरची प्रकरणेही तिथे चालतात. म्हणजे मुंबईत शिकलेल्या पोराला वकिली करायला मुंबईतच राहिले पाहिजे असे नाही.

बांधाचे, वाटणीचे, पाण्याचे दावे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालतात. घरात कायदा जाणणारे एक माणूस असणे ही मोठी सोय आहे. तेव्हा या रविवारी पेटी उघडून कोणता दाखला आहे, कोणता नाही, एवढे तरी पाहून ठेवा.

— ऊस विकास अधिकारी