डब्यावरची चिठ्ठी

२००५ साली दिवाळी १ नोव्हेंबरला होती आणि ईद ५ नोव्हेंबरला. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या माहेरच्या गावी बेकरीपुढे जी रांग लागली, तशी मी पुन्हा पाहिलेली नाही. कुणाच्या पिशवीत दिवाळीच्या नानखटाईचं सामान, कुणाच्या पिशवीत ईदच्या. मैदा, तूप, पिठीसाखर आपण न्यायची. बेकरीवाला ते मळून, पत्र्यांवर लावून भट्टीत घालायचा आणि किलोमागे भाजणावळ घ्यायचा. रिकामा डबा आपलाच, त्यावर नावाची चिठ्ठी.

त्या गर्दीत आमच्या डब्यात शेजारच्या काकूंची नानखटाई भरली गेली आणि काकूंच्या डब्यात आमची. घरी आल्यावर अम्मीने डबा उघडला. रोजा होता, त्यामुळे चव घेणं शक्य नव्हतं. तिने नुसता वास घेतला आणि म्हणाली, ''ही आपली नाही. हिच्यात जायफळ आहे.'' ती उठून जाणार तेवढ्यात काकूच डबा घेऊन दारात. ''अहो भाभी, तुमचा वेलदोडा आमच्याकडे आलाय!'' दोघींनी दोन्ही डबे निम्मे-निम्मे केले. पुढच्या वर्षीही दिवाळी आणि ईद चार दिवसांच्या अंतराने आली. त्या वेळी डबे बदलले नाहीत, पण वाटणी मात्र मुद्दाम झाली.

या दोघींचा एक जुना रिवाज होता. रमजानमध्ये अम्मी स्वयंपाक करायची, पण मीठ-तिखट बघणार कोण? घरात सगळ्यांचे रोजे. मग संध्याकाळी मी वाटीत चमचाभर रस्सा घेऊन काकूंकडे धावत जायची. काकू जिभेवर ठेवायच्या आणि निकाल द्यायच्या. ''मीठ बरोबर आहे. लिंबू पिळायला सांग.'' काकू मटण खात नसत, म्हणून त्यांच्याकडे फक्त भाजी, डाळ आणि खीर जायची. ही गोष्ट कधी कुणी ठरवली नव्हती. एकमेकींना विचारूनच ती ठरत गेली होती.

लग्नानंतर मी या शहरात आले. इथल्या वसाहतीतही सुरुवातीची वर्षं अशीच गेली. ईदला शीरखुर्म्याची भांडी बाहेर जायची, दिवाळीला फराळाची ताटं आत यायची, आणि ताट रिकामं परत करायचं नाही हा दोन्हीकडचा नियम. मग एका वर्षी शहरात काही कारणाने दोन दिवस दुकानं बंद राहिली. आमच्या गल्लीत काहीही झालं नाही. कुणी कुणाला वावगं बोललं नाही. पण त्यानंतरच्या सणाला शेजारच्या वहिनींकडून फराळाच्या ताटाऐवजी दुकानातल्या मिठाईचा खोका आला.

मला वाईट वाटलं. आणि पुढच्या ईदला मीही तेच केलं. बाजारातून खोका आणला, वर हिरवा ठिपका आहे ना ते नीट पाहिलं आणि पाठवून दिला. चार-पाच वर्षं आमच्यात असे खोके फिरत राहिले. घरातलं काही यात असायचं नाही, त्यामुळे काही विचारावंही लागायचं नाही. जे आम्ही एकमेकींना तोंडाने सांगायचो, ते आता कारखान्यातला एक ठिपका सांगत होता. कुणा अनोळखी कंपनीच्या छापील शब्दावर आमचा विश्वास होता; भिंतीपलीकडच्या बाईला 'यात काय घातलंय?' एवढं विचारायची मात्र चोरी झाली होती.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीने फोनवर तिकडची एक पद्धत सांगितली. नाताळाच्या आधी मैत्रिणी एका घरी जमतात. प्रत्येकीने घरी भाजलेली एकाच प्रकारची बिस्किटं आणायची आणि जाताना सगळ्या प्रकारांचा मिळून एक डबा न्यायचा. ऐकताना वाटलं, यात नवीन काय? गोव्यात नाताळाच्या सुमारास शेजाऱ्यांकडे गोडाधोडाची ताटं जातातच की. त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. फरक एवढाच की इथे पाठवणारी आणि घेणारी एकाच वेळी एकाच टेबलाशी उभ्या असतात. तोच फरक मला हवा होता.

२०२४ साली मार्चच्या शेवटच्या रविवारी आठ घरं आमच्याकडे जमली. त्या दिवशी ईस्टर होता, रमजान चालू होता आणि पाडवा नऊ दिवसांवर होता. हिशेब सोपा ठेवला. प्रत्येकीने ४८ नग आणायचे आणि प्रत्येक प्रकारातले सहा-सहा उचलायचे. आठ सक अठ्ठेचाळीस. जेवढं आणलं तेवढंच घेऊन जायचं. टिकणारे, प्रवासात न मोडणारे प्रकार असावेत, एवढी सूचना. आणि एक अट: डब्यावर चिठ्ठी हवी. पदार्थाचं नाव, आत काय काय आहे ते, आणि अंडं आहे की नाही.

माझी नानखटाई होती. ज्यांना करून बघायची आहे त्यांच्यासाठी प्रमाण देते. ३०० ग्रॅम घट्ट साजूक तूप आणि २५० ग्रॅम पिठीसाखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसायची. त्यात ४०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बेसन, ५० ग्रॅम बारीक रवा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड. पाणी नाही, दूध नाही. गोळा हलक्या हाताने गोळा करायचा, मळायचा नाही. छोटे पेढे करून, मधे अंतर ठेवून, १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं भाजायचे. भट्टीतून काढताना नानखटाई मऊच असते. गार झाल्यावर खुसखुशीत होते. मऊ लागते म्हणून आणखी भाजली की बिघडली. एवढ्यात साधारण पन्नास होतात.

नानखटाईतला 'नान' फारसीतला. तिकडे नान म्हणजे रोटी. तिचं कूळ सांगताना लोक सुरतेच्या डच आणि पारशी बेकऱ्यांचं नाव घेतात. त्यांच्याच शेजारी ठेवलेला पाव पोर्तुगीजांकडून आलेला. आपल्या बेकरीच्या काचेच्या कपाटात कोण कुठून आलं हे शोधत बसलं तर चहा गार होईल.

तर, साडेपाच वाजता टेबल भरलं. शंकरपाळे, नाचणीची बिस्किटं, जिऱ्याची बिस्किटं, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या, खजुराचे रोल. सकाळी चर्चला जाऊन आलेल्या माझ्या सहकारी प्राध्यापिकेने नारळ-रव्याची बिस्किटं आणली होती; गोव्याकडे त्यांना बोलिन्हा म्हणतात. तिच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात होतं: 'अंड्याचा बलक आहे.' वहिनींनी ती वाचली, हसून म्हणाल्या, ''हे मी मुलासाठी नेते, तो खातो,'' आणि सहा उचलली. मग माझ्या डब्यापाशी आल्या. चिठ्ठी वाचूनही थांबल्या. हळूच विचारलं, ''भाभी, पत्रे वेगळे असतात का हो तुमचे?''

क्षणभर मला ते लागलं. खोटं कशाला सांगू? पण हाच प्रश्न माझ्या माहेरच्या काकू सहज विचारायच्या आणि अम्मी सहज उत्तर द्यायची. मी म्हटलं, ''ओव्हनचे पत्रे फक्त बिस्किटांचे आहेत, वहिनी. त्यात दुसरं काही होत नाही.'' त्यांनी सहा उचलली.

दहाच मिनिटांनी माझी पाळी आली. माझ्या सासूबाई करंज्यांपाशी उभ्या होत्या. सणासुदीचा पदार्थ पाहून त्यांनी मोठ्याने विचारलं, ''ये पूजा का तो नहीं ना?'' खोली शांत झाली. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. करंज्या वहिनींच्याच होत्या. त्या म्हणाल्या, ''नाही हो अम्मी. नैवेद्य अजून व्हायचाय. तुमच्यासाठी आधी वेगळ्या काढून आणल्यात.'' सासूबाईंनी सहा उचलल्या, वर म्हणाल्या, ''एक ज्यादा दे बेटा.'' सगळ्या हसल्या. आठ सक अठ्ठेचाळीसचा हिशेब तिथेच मोडला.

त्या दिवशी मला एक गोष्ट नीट कळली. खाऊ घालणं सोपं असतं. त्यात आपला मान वाढतो. दुसऱ्याच्या हातचं घेणं अवघड, कारण तिथे विश्वास ठेवावा लागतो. आणि विश्वास ठेवायचा तर आधी विचारता यायला हवं. मी इतकी वर्षं समजत होते की न विचारणं म्हणजे सभ्यपणा. वहिनींना माझ्याबद्दल शंका असावी असं मी मनात धरून बसले होते. पण तशीच शंका माझ्याही घरात आहे, हे कबूल करायला मला करंज्यांचा डबा लागला. दोन्ही प्रश्न विचारले गेले, दोन्हींना उत्तरं मिळाली आणि कुणी उठून गेलं नाही.

मगरिबची अजान झाली. आम्ही खजुराने रोजा सोडला आणि मग सगळ्यांचा चहा झाला. दिवसभर रोजे नसलेल्यांनीही तोवर एक बिस्किट तोंडात टाकलं नव्हतं. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

२०२५ साली पाडवा ३० मार्चला होता. त्याच संध्याकाळी चांद दिसला तर ३१ला ईद. म्हणजे सकाळी गुढी आणि रात्री शीरखुर्म्याची तयारी. अदलाबदल आधीच्या रविवारी, २३ तारखेला ठरली होती. घरं तोवर अकरा झाली होती, त्यामुळे नगांचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

एका दुपारी पहिला घाणा भाजून झाला. रोजा असल्यामुळे मला चव घेता येईना. गरम नानखटाई बशीत ठेवली आणि वहिनींचं दार वाजवलं. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटले.

''वेलदोडा कमी आहे,'' त्या म्हणाल्या. ''थांबा, देते.''