मावळांतील उकिरडा व मिरचीचें पीक

आमच्या मावळांत गुरें आहेत, शेण आहे, आणि तरीहि जमीन खताविना उपाशी आहे. याचें कारण शोधण्यास लांब जावयास नको. शेणाचा कांहीं भाग गोवऱ्यांत जातो, कांहीं भातरोपांच्या राबांत जळतो; उरलेलें उघड्या उकिरड्यावर पडून पावसानें ओढ्यास मिळतें. लोणावळ्यास वर्षाकाठीं ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथें उघड्या उकिरड्यांत सत्त्व तें काय उरणार?

प्रस्तुत लेखकानें हयातभर कचेरींत कारकुनी केली. पिकांचे व आकारणीचे कागद पुष्कळ पाहिले. पण उकिरड्याची नोंद करणारा रकाना कोठें आढळला नाहीं. पेन्शन घेऊन शेतीस लागल्यावर पहिल्याच वर्षीं या अज्ञानाची शिक्षा मिळाली. भात निघाल्यावर दहा गुंठे मिरची लावली व तींत अर्धेंकच्चें शेणखत घातलें. खताबरोबर हुमणी व तणाचें बीं रानांत आलें. मुळ्या कुरतडल्या जाऊन निम्मीं रोपें वाळलीं. दोष बियाण्याचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

उपाय नवा नाहीं. इंदूर येथें अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं काडीकचरा, शेण व मूत्रानें भिजलेली माती यांचे थर देऊन खत करण्याची रीत बसविली, आणि १९३१ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. तीन वेळां उलथापालथ केली असतां सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी तुंबतें, म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग करावा. आम्हीं उंचवट्यावर ढीग घालून वर पेंढ्याचें छप्पर केलें.

खत काळें, भुसभुशीत व दुर्गंधरहित झालें म्हणजे तयार समजावें. तें एकरीं सुमारें २० गाड्या पसरून कुळवाच्या शेवटच्या पाळीनें मातींत मिसळावें. चांगल्या शेणखताच्या १००० किलोंत नत्र सुमारें ५ किलोच असतें. तेव्हां उणें पडल्यास वरखत द्यावें, पण बेतानें. नत्र फाजील झाल्यास झाड माजतें व फळ थोडें धरतें. कोंबडीखत याहून तीव्र असतें; तें कुजविल्याविना मुळांशीं घालूं नये.

दुसऱ्या वर्षीं त्याच दहा गुंठ्यांत रोपें क्वचितच मेलीं व तोडे अधिक मिळाले. शेतकरी बंधूंनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं निदान एका ढिगावर छप्पर घालून पाहावें. खताचें पोतें विकत आणण्याआधीं घरचें खत वाहून जात नाहीं ना, हें पाहणें हीच पहिली काटकसर होय.