ई-बीजक (वस्तू व सेवा कर)

ई-बीजक किंवा ई-इन्व्हॉइस ही भारतातील वस्तू व सेवा कर (जीएसटी) कायद्यांतर्गत विक्रीच्या बीजकाची शासनमान्य संकेतस्थळावर इलेक्ट्रॉनिक नोंदणी करण्याची पद्धत आहे. नावावरून समज होतो त्याप्रमाणे या पद्धतीत सरकारी संकेतस्थळावर बीजक तयार केले जात नाही. व्यापारी आपल्या नेहमीच्या संगणक प्रणालीत बीजक तयार करतो, त्यातील माहिती ठरावीक नमुन्यात बीजक नोंदणी संकेतस्थळाकडे पाठवतो आणि तेथून मिळालेला नोंदणी क्रमांक व क्यूआर कोड बीजकावर छापतो. ही पद्धत १ ऑक्टोबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना बंधनकारक आहे.

पार्श्वभूमी

जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. या करप्रणालीत खरेदीदाराने खरेदीवर भरलेला कर त्याला स्वतःच्या विक्रीवरील करातून वजा करता येतो. या सवलतीस इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. विक्रेत्याने कर न भरता केवळ बीजक दिले, किंवा मालाची देवाणघेवाण न होता खोटे बीजक तयार केले, तरी त्याआधारे खरेदीदार वजावट घेऊ शकत असे आणि त्याचा भार सरकारी तिजोरीवर पडे. विक्रीचा तपशील विवरणपत्रात नंतर भरला जात असल्याने विसंगती उशिरा लक्षात येई. बीजक देतानाच त्याची नोंद व्हावी, हा ई-बीजकामागील मुख्य हेतू आहे. ई-बीजकाच्या नमुन्यास जीएसटी परिषदेने २० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात झालेल्या ३७व्या बैठकीत मान्यता दिली.

अंमलबजावणीचे टप्पे

उलाढालीची मर्यादा पुढीलप्रमाणे कमी होत गेली:
• १ ऑक्टोबर २०२० – ५०० कोटी रुपयांहून अधिक
• १ जानेवारी २०२१ – १०० कोटी रुपयांहून अधिक
• १ एप्रिल २०२१ – ५० कोटी रुपयांहून अधिक
• १ एप्रिल २०२२ – २० कोटी रुपयांहून अधिक
• १ ऑक्टोबर २०२२ – १० कोटी रुपयांहून अधिक
• १ ऑगस्ट २०२३ – ५ कोटी रुपयांहून अधिक

ही उलाढाल एकाच पॅन क्रमांकावरील सर्व राज्यांतील नोंदण्यांची मिळून धरली जाते. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात मर्यादा ओलांडली असल्यास नियम लागू होतो. पुढे उलाढाल घटली तरी त्यातून सुटका होत नाही.

नोंदणीची प्रक्रिया

बीजकातील माहिती जीएसटी आयएनव्ही-०१ या नमुन्यानुसार जेसन स्वरूपात पाठवली जाते. मोठे व्यवसाय आपली लेखा प्रणाली संकेतस्थळाशी थेट जोडतात. कमी बीजके असलेले व्यापारी संकेतस्थळावरून मिळणाऱ्या मोफत साधनाद्वारे माहिती चढवू शकतात. सुरुवातीस हे संकेतस्थळ केवळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) चालवत असे; २०२३ पासून काही खासगी कंपन्यांची नोंदणी संकेतस्थळेही उपलब्ध झाली.

संकेतस्थळ विक्रेता व खरेदीदार यांचे जीएसटी क्रमांक, आवश्यक रकाने आणि रकमांची बेरीज तपासते. त्यानंतर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार व दस्तऐवज क्रमांक या चार बाबींवरून ६४ अक्षरांचा नोंदणी क्रमांक (आयआरएन) ठरतो. या चारही बाबी सारख्या असल्यास क्रमांकही तोच येतो; त्यामुळे एकच बीजक दुसऱ्यांदा नोंदवता येत नाही. संकेतस्थळ बीजकावर डिजिटल स्वाक्षरी करून क्यूआर कोडसह ते परत पाठवते. नोंदवलेला तपशील विक्रेत्याच्या जीएसटीआर-१ विवरणपत्रात आपोआप भरला जातो. अशा बीजकाच्या दोन-तीन प्रती काढण्याची सक्ती नसते.

चूक झाल्यास बीजक २४ तासांच्या आत संपूर्णपणे रद्द करता येते. रद्द केलेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. मुदत उलटल्यावर क्रेडिट नोट काढावी लागते किंवा विवरणपत्रात दुरुस्ती करावी लागते. १० कोटी किंवा त्याहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना १ एप्रिल २०२५ पासून बीजकाच्या दिनांकापासून ३० दिवसांच्या आत नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्यानंतर संकेतस्थळ ते बीजक स्वीकारत नाही.

व्याप्ती

नोंदणीकृत व्यावसायिकास केलेली विक्री, निर्यात आणि विशेष आर्थिक क्षेत्रास केलेला पुरवठा यांना ई-बीजक लागू आहे. क्रेडिट व डेबिट नोटाही नोंदवाव्या लागतात. अंतिम ग्राहकास केलेली किरकोळ विक्री त्यात येत नाही. बँका, विमा कंपन्या, माल व प्रवासी वाहतूक सेवा, बहुपडदा चित्रपटगृहांची तिकीटविक्री आणि विशेष आर्थिक क्षेत्रातील घटक यांना सूट आहे.

लहान व्यवसायांवरील परिणाम

केंद्रीय जीएसटी नियम ४८(५) नुसार, नोंदणी बंधनकारक असताना ती न केलेले बीजक हे बीजकच मानले जात नाही. उदाहरणार्थ, इचलकरंजीतील ६ कोटी रुपये उलाढालीच्या कापड उत्पादकाने सुरतेच्या व्यापाऱ्यास २,००,००० रुपयांचे कापड विकले, तर ५ टक्के दराने १०,००० रुपये एकात्मिक कर होतो. हे बीजक न नोंदवल्यास खरेदीदाराची १०,००० रुपयांची वजावट धोक्यात येते आणि कलम १२२ अन्वये विक्रेता दंडास पात्र ठरू शकतो. यामुळे खरेदीदार आयआरएन नसलेल्या बीजकाचे पैसे रोखून धरू शकतात.

कर भरण्याची जबाबदारी विक्रीची रक्कम हाती येण्यावर अवलंबून नसते. ५ कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायास साधारणतः पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरावा लागतो. खरेदीदाराने उधारीवर माल घेतला असल्यास हा कर विक्रेत्याला स्वतःच्या खेळत्या भांडवलातून भरावा लागतो. १८० दिवसांत विक्रेत्यास पैसे न दिल्यास खरेदीदाराला घेतलेली वजावट परत करावी लागते. मात्र तोपर्यंतचा ताण विक्रेत्यावरच असतो.

दुसऱ्या बाजूस, नोंदवलेले बीजक खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी विवरणात दिसत असल्याने वजावटीवरील वाद कमी होतात. त्याच माहितीवरून मालवाहतुकीचे ई-वे बिलही काढता येते, त्यामुळे तपशील पुन्हा भरावा लागत नाही.

मर्यादा

नोंदणी म्हणजे व्यवहार खरा असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. संकेतस्थळ क्रमांक, नमुना व बेरीज पडताळते. माल प्रत्यक्ष पोहोचला की नाही, हे त्यातून कळत नाही. तसेच ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीचे व्यवसाय या सक्तीबाहेर असल्याने त्यांच्या विक्रीची नोंद पूर्वीप्रमाणे विवरणपत्रातूनच होते. आपसमेळ योजनेतील व्यापारी कर आकारणारे बीजक न देता पुरवठा देयक देतात. त्यांनाही ई-बीजक लागू होत नाही.

इतर देशांत

इटलीने १ जानेवारी २०१९ पासून व्यवसायांमधील तसेच ग्राहकांना दिल्या जाणाऱ्या बीजकांसाठी अशी पद्धत बंधनकारक केली. तेथील सवलतीच्या करयोजनेतील लहान व्यावसायिकांना आरंभी सूट होती. १ जानेवारी २०२४ पासून तेही तिच्या कक्षेत आले. सौदी अरेबियात ४ डिसेंबर २०२१ पासून इलेक्ट्रॉनिक बीजक सक्तीचे झाले. केनियातील ई-टिम्स प्रणालीत लहान व्यापाऱ्यांना भ्रमणध्वनीवरूनही बीजक काढता येते.