सीमोल्लंघन आणि मर्यादा

आज विजयादशमी. आपट्याचे सोने वाटून झाले की मराठी घरात सीमोल्लंघनाच्या गोष्टी निघतात आणि शिवछत्रपतींपाशी येऊन थांबतात. सीमा ओलांडणाऱ्या त्याच सैन्याला महाराजांनी स्वमुलुखात घातलेली मर्यादा मात्र क्वचितच आठवली जाते.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याच सुमारास चिपळूणच्या छावणीस एक पत्र गेले. वैरण आताच उधळाल, तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग कुणब्यांच्या घरचे धान्य, भाकरी, गवत उचलू लागाल आणि त्यांना मोगलांहून तुमचाच जाच अधिक वाटेल, अशी त्यात तंबी होती. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील, हेही त्या पत्रात आहे! सिंहासनाचा सोहळा आपण डोळ्यांपुढे आणतो. ही वात आणत नाही.

५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना बजावले, की भाजीच्या देठाचाही लोभ मनात धरू नये. ज्या कुणब्याजवळ बैल वा दाणे नाहीत त्यास ते पुरवावे, आणि व्याज न घेता मुद्दल तेवढे त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावे.